चिखलाचा वास आणि चिंचेचा कोळ

वडोदरा शहराच्या उत्तर कडेला, अहमदाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले छाणी हे गाव जैन परंपरेसाठी ओळखले जाते. येथील अनेक कुटुंबांतून साधू-साध्वींनी दीक्षा घेतलेली असल्याने गावातल्या तळ्याकडे कोणी मासळीचे पाणी म्हणून पाहत असेल, अशी अपेक्षाच करता येत नाही. तरीही या गावाला सामावून घेणाऱ्या शहराच्या दुसऱ्या बाजूला, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांत, गायकवाडांच्या राज्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहिली, आणि त्यांतल्या मांसाहारी घरांपुढे एक स्वयंपाकाचा प्रश्न उभा राहिला: ज्यांच्या पूर्वजांनी कोकणात खाडीची आणि समुद्राची मासळी रांधली, त्यांनी मही आणि नर्मदा या नद्यांच्या मधल्या प्रदेशात, गोड्या पाण्यातल्या मासळीचे काय करावे?

हा प्रश्न केवळ वडोदऱ्याचा नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग समुद्रापासून दूर आहे, पण मासळीच्या पाककृती म्हटल्या की मराठी पुस्तकांत पापलेट, सुरमई आणि बांगडा यांचेच राज्य असते. रोहू, कटला, मरळ, वाम, चिलापी यांना कोकणी नारळाच्या आमटीत घातले की ती फिकी आणि वशट लागते, आणि दोष मासळीच्या माथी मारला जातो. दोष बहुतेक वेळा पद्धतीचा असतो.

समुद्राच्या पाण्यातला क्षार शरीरातले पाणी बाहेर ओढतो, म्हणून तेथील मासे स्नायूंमध्ये अमिनो आम्लांसारखे विरघळणारे पदार्थ साठवून तोल राखतात, आणि हेच पदार्थ जिभेला रुचकर लागतात. गोड्या पाण्यात हा ताण नसल्यामुळे तेथील माशाच्या मांसात असा साठा कमी असतो व ते सौम्य, किंचित गोडसर लागते. याच तोलासाठी समुद्री मासे ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्यही बाळगतात, ज्याचे मासा मेल्यावर जिवाणू विघटन करतात आणि बाजारातला तो ओळखीचा वास निर्माण होतो. नदीच्या माशात हे द्रव्य फार थोडे असते. म्हणजे नदीचा मासा शिळा झाला आहे की नाही, हे केवळ नाकावर सोडता येत नाही. कल्ल्यांचा लाल रंग, डोळ्यांचा फुगीरपणा आणि बोटाने दाबल्यावर मांस परत वर येते की नाही, या खुणा अधिक भरवशाच्या ठरतात.

त्याऐवजी नदी-तळ्यातल्या माशाला दुसरा वास असतो, ज्याला घरोघरी चिखलाचा वास म्हणतात. तो चिखल खाल्ल्याने येतो ही समजूत अर्धीच खरी आहे. पाण्यातले व गाळातले काही जिवाणू आणि नीलहरित शेवाळे जिऑस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, जे पहिल्या पावसानंतर मातीला येणाऱ्या सुगंधातही असते; मासा ते मुख्यतः कल्ल्यांवाटे शोषतो आणि ते त्याच्या चरबीत व कातडीलगत साठते. माणसाचे नाक या द्रव्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण असून एका लिटर पाण्यात काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागाइतके, जिऑस्मिन असले तरी ते जाणवते. पावसाच्या वासावर जीव टाकणाऱ्याला तोच वास ताटात नकोसा होतो, ही थोडी गंमतच आहे. या द्रव्याचा एक गुण मात्र स्वयंपाकाच्या फार उपयोगाचा आहे: आम्लात त्याची रचना बदलते आणि गंध मावळतो. रोहूच्या तुकड्यांना हळद-मिठाबरोबर चिंचेचा कोळ किंवा लिंबू चोळून ठेवण्याची जुनी रीत ही चवीची हौस नसून, नकळत केलेली रसायनक्रियाच आहे.

ही रीत किती जुनी, याचा एक पुरावा वडोदऱ्याशीच निगडित आहे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे ११३० साली ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना तो ओवीच्या जुन्या उल्लेखासाठी ठाऊक असतो, पण त्यात ‘मत्स्यविनोद’ या नावाने माशांच्या जाती, त्यांना घालायचे आमिष व गळाने मासे धरण्याची कला यांचेही वर्णन आहे, आणि अन्नाच्या प्रकरणात मासे रांधण्याची कृती आहे: तुकडे करून स्वच्छ धुवावेत, चिंचेच्या रसात शिजवावेत, गव्हाचे पीठ भुरभुरून तापल्या तेलात तांबूस होईपर्यंत तळावेत, आणि वर सैंधव, वेलदोडा व मिरी घालावी. लाल मिरची तेव्हा भारतात आलेलीच नव्हती. तिचा अभाव सोडला तर ही कृती आजच्या देशावरच्या स्वयंपाकघरात कोणालाही परकी वाटणार नाही. हा ग्रंथ संपादित करून छापण्याचे काम ग. के. श्रीगोंदेकर यांनी केले आणि तो महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने सुरू झालेल्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये १९२५, १९३९ आणि १९६१ अशा तीन खंडांत प्रसिद्ध झाला. मासळीची ही कृती ग्रंथरूपाने जगापुढे आली ती छाणीपासून काही किलोमीटरवर, हा योगायोग कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात नोंदलेला दिसत नाही.

वासाखालोखाल अडचण काट्यांची. रोहू, कटला आणि मृगळ हे कार्प कुळातले मासे. त्यांच्या पाठीच्या कण्याला जोडलेल्या फासळ्यांखेरीज मांसाच्या आत सुटे, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे बारीक काटे असतात, जे शेपटीकडच्या अर्ध्या भागात दाट असतात. बंगाली स्वयंपाकात म्हणूनच पाठीची तुकडी आणि पोटाची तुकडी यांना वेगळी नावे व वेगळा मान आहे. मराठी घरात मासा आडवा, जाड कापून आमटीत सोडण्याची सवय कोकणातून आलेली. कार्पसाठी त्यापेक्षा पाठीच्या बाजूवर विळीने तीन-चार मिलिमीटर अंतराने, कातडीपर्यंत न पोहोचणारे उभे चिरे देऊन तुकडी कडकडीत तेलात तळणे चांगले, कारण त्यात काटे तुटून कुरकुरीत होतात. मरळ आणि वाम यांना मात्र हा खटाटोप लागत नाही. मरळ हवेतून श्वास घेऊ शकतो, त्यामुळे ओल्या गोणपाटात तासन्‌तास जिवंत राहतो आणि बाजारात जिवंतच विकला जातो. त्याचे अंग बुळबुळीत असल्याने चुलीची राख चोळून तो सोलण्याची पद्धत आहे, आणि गॅसच्या काळात राखेऐवजी जाडे मीठ किंवा कोंडा वापरतात.

मासा साफ करताना पोटातली काळी पातळ कातडी खरवडून काढावी, कारण कडवटपणा व वास दोन्ही तिच्यात असतात, आणि हिरवट पित्ताची पिशवी न फोडता उचलावी. ती फुटली तर मांस कडू होते एवढेच नव्हे. रोहूसारख्या माशांचे कच्चे पित्त मधुमेहावरचे औषध म्हणून गिळण्याचा जो गैरसमज काही भागांत आहे, त्यातून मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

ताजेपणाविषयीही एक गैरसमज आहे. पाण्यातून काढलेला मासा लगेच चुलीवर गेला की सर्वांत चवदार, असे मानले जाते. वस्तुतः मेल्यानंतर काही वेळाने माशाचे स्नायू ताठरतात, या अवस्थेत शिजवलेली तुकडी आक्रसते आणि चिवट लागते. एक तर ताठरण्याआधी रांधावे, नाही तर बर्फात ठेवून स्नायू पुन्हा सैल पडू द्यावेत.

आज बाजारातल्या गोड्या पाण्यातल्या मासळीत मोठा वाटा ज्या जातींचा आहे, त्या मराठी मुलखात बहुतांशी बाहेरून आलेल्या आहेत. रोहू व कटला हे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे पुराच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालत, साठलेल्या तळ्यात नाही; १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पचे प्रजनन घडवले, तेव्हापासून त्यांचे बीज कोठल्याही धरणात सोडणे सोपे झाले. चिलापी, म्हणजे आफ्रिकेतला तिलापिया, १९५२ मध्ये भारतात आला आणि १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात असा रुळला की भिगवण परिसरातल्या जेवणाची ओळखच बनला. उजनीकाठी कोणी नारळाची वाट पाहिली नाही: सुके खोबरे, तीळ आणि कांदा भाजून केलेले वाटण, लसूण, तिखट आणि चिंच, सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी. सौम्य मांसाला आधार देणारा हा मसाला कोरड्या प्रदेशाच्या पिकांतूनच आला, आणि या मासळीला तोच अधिक जुळतो. वडोदऱ्यातल्या घरांनाही, रोहू कोकणी पद्धतीने करण्याचा हट्ट सोडला तर, भिगवणकडून घेण्यासारखे बरेच आहे.

अपवाद हिलसाचा, ज्याला भरूचकडे चाक्सी म्हणतात. तो समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी खंभातच्या आखातातून नर्मदेत चढतो. त्याची चरबी समुद्रात साठलेली असल्याने त्याला चिखलाचा वास नसतो, उलट तेलाचा स्वतःचा सुगंध असतो, म्हणून त्याला चिंचेचा कोळ नावापुरताच लावावा, वाटण हलके ठेवावे आणि तेल जेमतेम घालावे. काटे मात्र त्याचे रोहूपेक्षाही अधिक. सरदार सरोवर झाल्यानंतर खालच्या पात्रातला गोड्या पाण्याचा प्रवाह घटला, भरतीचे खारे पाणी आत सरकले आणि भाडभूतजवळची हिलसाची मासेमारी रोडावली.