‘कवच’च्या सांध्यातलं गणित

ढाणकीहून पैनगंगा ओलांडून हिमायतनगरला गाडी धरली की पुढे मुदखेड जंक्शन लागतं. मनमाडहून मुदखेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग हा दक्षिण मध्य रेल्वेने ‘कवच’ ही टक्कर टाळणारी सुरक्षा यंत्रणा बसवलेल्या पहिल्या १,४६५ किलोमीटरांचा भाग.

रुळांमधला टॅग गाडी कुठे आहे ते सांगतो. स्टेशनातलं युनिट पुढे किती अंतर मोकळं आहे ते रेडिओवरून कळवतं. ब्रेक कधी लावायचा, हा हिशेब इंजिनातलं युनिट करतं. ४ मार्च २०२२ च्या चाचणीत समोरच्या इंजिनाच्या ३८० मीटर अलीकडे गाडी आपोआप थांबली.

ही युनिटं एकाच कंपनीची नसतात. इंजिनात एकीचं, स्टेशनात दुसरीचं असलं तरी त्यांचं जमलंच पाहिजे. म्हणून लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेचं सामाईक स्पेसिफिकेशन. खरी कसोटी इथेच आहे. स्टेशनाने ‘१२००’ पाठवले, तर ते मीटर की फूट? मोजायचे कुठून, इंजिनाच्या तोंडापासून की शेवटच्या टॅगपासून? संदेश दोन सेकंद शिळा असेल तर? ताशी १३० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी ७२ मीटर पुढे गेलेली असते.

नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर १९९९ मध्ये अशाच सांध्यात हरवलं. एक सॉफ्टवेअर आवेग पौंड-सेकंदांत देत होतं, घेणारं ते न्यूटन-सेकंद समजत होतं. फरक ४.४५ पट! मेट्रिक एककंच वापरायची, असं कागदावर लिहिलेलं होतं, तरीही.

म्हणून दोन युनिटांमधली अट, म्हणजे त्यांचा करार, गणिती तर्काच्या भाषेत लिहितात: देणारा कशाची हमी देतो, घेणारा काय गृहीत धरतो. हमी गृहीतकाला पुरते का, हे मग संगणकाच्या मदतीने सिद्ध करता येतं. चाचणी निवडक प्रसंग पाहते. सिद्धता त्या अटींत बसणारे सगळे. पॅरिसच्या १४ क्रमांकाच्या विनाचालक मेट्रोचं सुरक्षा-सॉफ्टवेअर १९९८ मध्ये ‘बी’ या गणिती पद्धतीने सिद्ध करूनच रुळावर आलं. पुण्यात टीसीएसच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी अशा अटी लिहिण्यासाठी ‘ईडीटी’ ही लेखनपद्धती घडवली. इंजिनिअरला ती साध्या तक्त्यासारखी दिसते, पण तिच्या प्रत्येक ओळीला एकच नेमका गणिती अर्थ असतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण तर्कशास्त्र न शिकलेल्यालाही त्यात लिहिता येतं.

‘कवच’ची सुरक्षापातळी एसआयएल-४ आहे: धोकादायक बिघाडाची शक्यता तासाला दहा कोटींत एकाहून कमी. म्हणजे ११,००० हून अधिक वर्षांत एखादा. इतकी वर्षं गाडी चालवून कोण तपासणार? शिवाय तीन कंपन्या असल्या तर इंजिन-स्टेशन जोड्या नऊ होतात, सहा असल्या तर छत्तीस. प्रत्येक जोडी रुळावर नेण्याआधी तिचा करार गणिताने तपासलेला असावा, असा आग्रह प्रवाशांनीही धरायला हवा.