उपनगर होताना – भाग ५ : बाह्यवळणाच्या कडेला

पुण्याहून नाशिकला निघालेल्या गाडीला आता मंचरच्या किंवा नारायणगावच्या पेठेत शिरावं लागत नाही. बाह्यवळणं झाली आणि लांबचा प्रवासी सुटला. गावातल्यांची कोंडी मात्र कायम आहे, कारण तिचा मोठा भाग गावाच्या स्वतःच्या कामातूनच येतो. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या उपबाजाराकडे क्रेट लादलेल्या पिकअपची रांग लागते. श्रावणात भीमाशंकरच्या गाड्या मंचरहून घोडेगाव-डिंभ्याकडे वळतात. सुट्टीला ओझर, लेण्याद्री आणि शिवनेरीची गर्दी असते. आदिवासी पट्ट्यातून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिकाही याच गर्दीतून वाट काढते.

हा सगळा भार रस्त्यावरच पडतो. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचं एकही स्थानक नाही. पुणे–नाशिक रेल्वेची नारायणगावमार्गे आखणी खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणींच्या प्रश्नावर अडली. त्या दुर्बिणी जपायलाच हव्यात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग रस्ता आणि एसटी यांच्याकडे दुप्पट लक्ष द्यायला हवं होतं, ते दिलं गेलं नाही.

दुसरीकडे शहर जवळ येतंय. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये. तो मार्ग झाला की चाकणला नोकरी आणि मंचरला घर हा हिशेब अनेकांना परवडेल. पेठेतले जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहतील, बाह्यवळणालगतच्या शेतात प्लॉट पडतील. लोकांनी इथे घर घ्यावं, त्यात गैर काही नाही. माझी काळजी आहे ती घरांच्या आधी काय आखलं जातं याची.

महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा मानण्याची पद्धत आहे. पहिल्या रेषेच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात ते नियंत्रणाखाली हवं. हेतू असा, की उद्या रस्ता रुंद करायला किंवा सेवारस्ता काढायला जागा राहावी. हा पट्टा ढाबे, गॅरेज आणि शोरूमच्या ताब्यात गेला, प्रत्येकाने थेट महामार्गावर आपलं तोंड उघडलं, की भरधाव रस्त्यावर दर शंभर पावलांना वळणारी गाडी येते. मग अपघात, मग गतिरोधक, आणि काही वर्षांनी बाह्यवळणालाच बाह्यवळण हवं अशी मागणी. जुन्या महामार्गाचं नेमकं हेच झालं होतं.

पाण्याचा हिशेब तर अगदी सरळ आहे. जलजीवन मिशनच्या ग्रामीण योजना माणशी रोज ५५ लिटर धरून आखल्या जातात. शहरी योजनेचा निकष १३५ लिटरचा. १०० सदनिकांची एक वसाहत, घरटी चार माणसं धरा. ग्रामीण निकषाने रोज २२ हजार लिटर लागतील, शहरी निकषाने ५४ हजार. मधले ३२ हजार लिटर कूपनलिकेतून येतील नाहीतर टँकरने, आणि वापरलेलं पाणी जाईल ओढ्यात. नारायणगावात त्या ओढ्याच्या पुढे मीना नदी आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं अंगाखांद्यावर वागवणाऱ्या या तालुक्यांत टँकर दारात उभा राहावा, हे मला फार लागतं.

हे कोणी पाहायचं? पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत शेजारच्या खेडचा भाग येतो. जुन्नर आणि आंबेगाव त्या हद्दीबाहेर आहेत. मंचरला आता नगरपंचायत आहे, म्हणजे १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली स्वतःचा विकास आराखडा करणं हे तिचं काम. नारायणगाव एवढं मोठं असूनही ग्रामपंचायत. तिच्याकडे असा आराखडा नसतो, आणि गावठाणाबाहेरच्या परवानग्यांची वाट जिल्हाधिकारी कार्यालयातून जाते. परवानगी एकाची, पाणी दुसऱ्याचं, महामार्ग तिसऱ्याचा. इमारत पुरी झाल्यावर कचरा उचलायला मात्र ग्रामपंचायतच.

माझं मत स्पष्ट आहे. मंचर ते आळेफाटा हा पट्टा एकच नागरी पट्टा मानून त्याचा एकत्र आराखडा व्हावा. सेवारस्ता, मैलापाणी शुद्धीकरण, एसटीचे थांबे आणि मालवाहू गाड्यांचा तळ यांच्या जागा आधी राखाव्यात, बांधकामाच्या परवानग्या त्यानंतर.

जागा राखून तरी भागतं का? त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या मुदतीतही संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मालकाच्या बाजूने ते न्याय्यच आहे. म्हणून आरक्षणाबरोबर पैशाची तरतूद दाखवायला भाग पाडलं पाहिजे.

तुमच्या गावाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. नकाशात आपला गट नंबर शोधून थांबू नका. शाळेकडे जाणारा रस्ता किती मीटरचा दाखवलाय, ओढा नकाशावर आहे की गायब, एसटी स्टँडला वाढायला जागा ठेवली आहे का, हे पाहा आणि हरकत लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका.