पकड आधी, उंची नंतर

जिप्सी किंगच्या मूळ टायरवर २०५/७० आर १५ हे माप असे. हौसेनं ही गाडी घेणारे बरेच जण सगळ्यात आधी तेच टायर उतरवत आणि जागी २३५/७५ आर १५ मापाचे, खोल खाचांचे टायर चढवत. गाडी लगेच भरदार दिसू लागे. पण हिशेब मांडून पाहावा. मूळ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर, नव्याचा सुमारे ७३३. डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून वर जातो तो या फरकाच्या निम्म्यानं, म्हणजे साधारण ३३ मिलिमीटर. जेमतेम दोन बोटं. उलट टायरचा परीघ वाढतो तो सरळ दहा टक्क्यांनी, त्यामुळे प्रत्येक गियर दहा टक्के लांब पडतो. मीटरवर ६० दिसत असताना गाडी ६६ नं धावत असते. लो रेंजच्या पहिल्या गियरमध्ये चढ घेताना इंजिन घुसमटतं, क्लच घासावा लागतो आणि तेवढ्याच ब्रेकला जास्त मोठं चाक थांबवावं लागतं. दोन बोटांच्या उंचीची ही एवढी किंमत.

आणि ती इथेच संपत नाही. रुंद टायर वळणावर पाट्यांना घासतो, म्हणून बाहेर निघालेल्या रिम येतात आणि त्यांचा भार बेअरिंगवर पडतो. टायर मडगार्डला लागतो, म्हणून लांब शॅकल घालून गाडी वर उचलली जाते. गाडी उचलली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर खुळखुळू लागतात. पुढच्या ॲक्सलचा कल बदलतो, मग सरळ रस्त्यावर गाडी भटकते आणि स्टेअरिंग थरथरतं. मग डँपर बसतो. आपल्याकडे जुनी जीप किंवा जिप्सी कच्च्या वाटांसाठी तयार करण्याची हौस आता चार दशकांची झाली. या काळाकडे मागे वळून पाहताना मला एक गोष्ट स्पष्ट दिसते: आपण फार काळ उंचीच्या मागे लागलो. जुन्या गाडीला अडलेल्या जागेतून बाहेर काढते ती जमिनीवरची पकड. म्हणून बदलाची सुरुवात जिथे रबर मातीला टेकतं तिथून व्हायला हवी आणि प्रत्येक पायरीवर थांबून विचारायला हवं की पुढची पायरी खरंच हवी आहे का.

सुरुवातीच्या जीपवाल्यांपुढे हा प्रश्न या रूपात नव्हताच. विलिसची जीप महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला जुळवायला घेतली. पुढे सीजे-थ्रीबी हे तिचं रूप आपल्या सरकारी खात्यांत, साखर कारखान्यांत आणि बागायतदारांच्या अंगणात स्थिरावलं. या गाडीत कच्च्या वाटेसाठी वेगळं काही घालायची गरजच कमी होती. गियरबॉक्सचा पहिला गियर २.७९८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि ॲक्सल ५.३८. यांचा गुणाकार ३७ च्या आसपास येतो. म्हणजे इंजिनाचे ३७ फेरे होतात तेव्हा चाक एकदा फिरतं. एवढ्या मंद गतीनं दगडावरून उतरताना ब्रेकला पाय लावावा लागत नाही. तिची अडचण दुसरीच होती, ती पेट्रोल पिण्याची. म्हणून आपल्याकडचा पहिला मोठा बदल साहसापोटी झाला नाही, इंधनाच्या खर्चापोटी झाला. गावोगावच्या गॅरेजांत पेट्रोल इंजिन उतरलं आणि डिझेल चढलं. पुढे कंपनीनंच एमएम ५४० मध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन दिलं. ताकद बेताची, पण कमी फेऱ्यांतच जोर देणारं. चिखलात आणि घाटवाटेत नेमकं तेच लागतं. खिशासाठी केलेला बदल वाटेलाही लागू पडला. त्यात गाडी एक इंचही वर गेली नव्हती.

हरियाणात सिरसा जिल्ह्यातल्या मंडी डबवालीचं नाव याच काळात जीपसाठी गाजलं. लष्कराच्या लिलावातून आलेले सांगाडे, वेगवेगळ्या गाड्यांची इंजिनं, हातानं ठोकून घडवलेला पत्रा, आणि यातून उभी राहिलेली उघडी जीप. त्या कारागिरांच्या हातातलं कसब मी कमी लेखत नाही. पण तिथल्या जीपचं चित्र डोळ्यांपुढे आणा. प्रचंड टायर, रुंद बंपर, उंच नाक. गाडीनं काय करावं यापेक्षा कशी दिसावी, हा विचार तिथे पुढे गेला आणि तो नमुना देशभर पसरला.

जिप्सी आली १९८५ च्या डिसेंबरात. ९७० सीसीचं इंजिन, ४५ अश्वशक्ती, चार गियर. कागदावर जीपपुढे ती किरकोळच, पण वजनाला टनाच्या आसपास. ओल्या उतारावर आणि भुसभुशीत मातीत हलकेपणाच्या तोडीचा दुसरा गुण नाही. जी गाडी मातीत कमी रुतते तिला बाहेर काढायला ताकदही कमी लागते. रॅलींमध्ये जिप्सीनं वर्षानुवर्षं हुकमत गाजवली त्यात या हलकेपणाचा वाटा फार मोठा आहे. कंपनीनं या गाडीत पुढे काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. १९९३ मध्ये एमजी ४१० डब्ल्यू आली. तिच्यात दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर ९० मिलिमीटरनं वाढवलं होतं. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली, १३०० सीसी आणि ६० अश्वशक्तीची. २००० मध्ये तेच इंजिन सोळा व्हॉल्व्हचं होऊन ८० वर गेलं. म्हणजे बनवणाऱ्यांनी गाडी आधी रुंद केली, मग जोरदार केली. उंच केली नाही. नेमकी ही राहिलेली गोष्ट हौशी मालकांनी मनावर घेतली.

उंचीच्या या मोहाचं टोक म्हणजे पाटे ॲक्सलच्या वर घेणं. जिप्सीत मूळ पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते उचलून ॲक्सलवर बसवले की गाडी एका झटक्यात पाच इंचांच्या आसपास वर येते. या बदलाला एक खरा फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा: पाट्यांची बैठक आणि यू-बोल्ट दगडाला अडकायचे थांबतात. पण आतल्या बाजूला काय होतं? ब्रेक लावताना आणि जोर देताना ॲक्सल स्वतःभोवती पिळू पाहतो, आणि वर बसलेला पाटा त्याला पुरेसा आवरत नाही. पाट्याला इंग्रजी एस अक्षरासारखा बाक येतो, चाक थडथड उडतं आणि शाफ्टचे सांधे तुटतात. स्टेअरिंगचा आडवा दांडा तिरका होतो, त्यामुळे खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टेअरिंग आपोआप ओढलं जातं. ब्रेकच्या नळ्या तोकड्या पडतात. गुरुत्वमध्य वर गेल्यानं आडव्या उतारावर, म्हणजे सह्याद्रीत पावलापावलावर येतो तसल्या उतारावर, गाडी कलंडायची भीती वाढते. ज्या गाडीची रुंदी वाढवायला कारखान्याला आठेक वर्षं लागली, तिचा तोल एका दिवसात बिघडवला जातो. हे सगळं नीट सावरता येतं, पण त्यासाठी नवे दांडे, नव्या नळ्या, पिळाला आवर घालणारा आधार आणि हे जाणणारा मिस्त्री लागतो. सगळ्यांकडे एवढं सगळं नसतं.

पकडीच्या बाजूचे बदल बाहेरून दिसत नाहीत. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की एक चाक हवेत गेलं की इंजिनाचा जोर तिकडेच वाहून जातो आणि जमिनीला टेकलेलं चाक गप्प बसतं. वाट वाकडीतिकडी असली की पुढचं एक आणि मागचं त्याच्या विरुद्ध कोपऱ्यातलं चाक उचललं जातं. मग फोर व्हील असूनही दोन चाकं हवेत भिरभिरतात आणि गाडी जागची हलत नाही. लॉकर बसवला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि टेकलेलं चाक गाडी ओढून नेतं. कडक पाट्यांच्या जिप्सीला तर हे औषध जास्तच लागू पडतं, कारण तिचं चाक खाली फार लटकत नाही, लवकर उचललं जातं. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे टायरमधली हवा. पंचवीसच्या आसपासचा दाब पंधरापर्यंत आणला की टायर जमिनीवर लांब पसरतो, दगडाला धरतो आणि वाळूत कमी बुडतो. परतताना हवा भरायला छोटा कंप्रेसर पुरतो. खाचांचंही तसंच. मराठवाड्याची किंवा विदर्भाची काळी माती पाऊस पडला की लोण्यासारखी होते आणि अरुंद खाचांत गच्च बसते. मग टायर गुळगुळीत रोलर होऊन जातो. तिथे खाच मोकळी आणि चिखल बाहेर फेकणारी हवी, व्यास मोठा असलाच पाहिजे असं नाही.

यावर पहिला आक्षेप अनुभवी लोकांचाच येईल: सह्याद्रीतल्या दगडांत उंचीशिवाय निभावत नाही. पोट घासतं हे खरं. पण पाटे उचलून वर जाते ती चासी, आणि बॉडी उचलून तर नुसती बॉडीच. डिफरन्शियलचा गोळा जिथे होता तिथेच राहतो, आणि दगडाला आधी तोच लागतो. त्याला वर नेतो फक्त टायर. त्यामुळे एक पायरी मोठा टायर आणि तो बसेल एवढी दीड-दोन इंचांची उचल, इथवर माझा विरोध नाही. त्यापुढच्या प्रत्येक इंचाला मात्र त्याचं कारण विचारावं. दुसरा आक्षेप स्पर्धांचा. गोव्यात २०१४ पासून भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये, भर पावसातल्या लाल चिखलात, उतरतात त्या गाड्या उंच असतात, त्यांना दोन दोन विंच असतात. पण त्या गाड्यांना दोन्ही ॲक्सलवर लॉकर असतो, आत पिंजरा असतो, आणि त्यांना रोजच्या रहदारीत धावायचं नसतं. त्यांची उंची उचलायची आणि बाकीचं सोडून द्यायचं, यातून धोकाच हाती येतो. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार: नव्या गाड्या हे सगळं शोरूममधूनच आणत असताना जुन्या गाडीवर पैसा का घालावा? पण नव्या गाड्यांत बनवणाऱ्यांनी काय दिलं ते बघा. २०१५ मध्ये थार सुधारून आली तेव्हा तिला मिळाला मागच्या ॲक्सलसाठी आपोआप जुळणारा लॉक. २०२० च्या नव्या थारमध्येही लॉक आहे, शिवाय उचललेल्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवणारी यंत्रणा आहे. २०२३ च्या जिम्नीनंही तीच ब्रेकची युक्ती वापरली. कारखान्यांचा पैसा चाकापर्यंत जोर पोचवण्यावर खर्च झाला. जुन्या जिप्सीच्या मालकानं त्याच वाटेनं जावं, इतकंच माझं म्हणणं.

कायद्याकडेही याच नजरेनं पाहायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करण्यावर बंधन घालतं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या प्रकरणात हे बंधन ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. बंपरपुढच्या लोखंडी गार्डांवर केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्येच बडगा उगारला होता, आणि तो योग्यच होता: असा गार्ड पादचाऱ्याला चिरडतो आणि धडकेचा हादरा सरळ चासीत नेतो. हौशी लोकांना हा कायदा जाचक वाटतो. मला त्यात एक उणीव दिसते: चांगला बदल तपासून घेण्याची सोपी वाट त्यात नाही. ऑस्ट्रेलियात व्हीएसबी १४ या नियमावलीत ऑफरोड गाडीचा टायर ५० मिलिमीटरपर्यंत मोठा घ्यायची मुभा आहे, आणि मोठ्या बदलांसाठी अभियंत्याचा दाखला लागतो. असं काही इथे आलं तर उंचीच्या मोहालाही आपोआप लगाम बसेल, कारण ब्रेकची आणि कलंडण्याची चाचणी दिल्याशिवाय पाच इंचांना दाखला मिळणार नाही. तोवर मालकानं आरटीओला विचारल्याशिवाय इंजिनाला आणि सांगाड्याला हात लावू नये.

आणखी एक गोष्ट आपण नेहमी शेवटी बोलतो, खरं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी. ही गाडी जुनी आहे. जिप्सीचं उत्पादन २०१८-१९ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकांसाठी थांबलं, आणि रस्त्यावरच्या बऱ्याच जिप्सी पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत किंवा जायला आल्या आहेत. कोकणात वापरलेल्या गाडीची चासी मागच्या शॅकलजवळ आतून गंजलेली असते. हातोडीनं हलकेच ठोकलं की खणखणीत आवाज येण्याऐवजी भद्द आवाज येतो. पाट्यांचे रबरी बुश चिरलेले असतात, ब्रेकची नळी फुगलेली असते, किंगपिनचे बेअरिंग ढिले असतात आणि ट्रान्सफर केसचे माउंट फाटलेले असतात. अशा गाडीवर लॉकर बसवला तरी त्याचा जोर आधी त्या गंजलेल्या शॅकलवर येईल. पहिल्या वर्षाचा पैसा चासी वेल्ड करायला, ब्रेकला, बुशांना आणि स्टेअरिंगला लागला, तर ती गाडी मूळ टायरवरही शेजारच्या उंच जिप्सीइतकीच वर चढेल, आणि उतरताना मिस्त्रीला फोन करायची वेळ येणार नाही.