काटा, नीळ आणि शिंपल्यातला थेंब

1882 चा डिसेंबर. सिसिलीतल्या मेसिना शहरात घरची मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेली होती आणि इल्या मेचनिकॉफ एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला होता. समोर तारामाशाची पिल्लं, काचेसारखी आरपार दिसणारी. त्यांच्या अंगात काही पेशी सरपटत होत्या. बाहेरून घुसलेल्या वस्तूचा समाचार याच घेत असतील का? तो बागेत गेला, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. रात्री झोप कसली लागते! पहाटे पाहिलं तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत हमखास येते. तिच्या वीसेक वर्षं आधीची मात्र क्वचितच सांगितली जाते. एर्न्स्ट हेकेल एका समुद्री गोगलगायीला नीळ टोचून रक्तवाहिन्या रंगवायला गेला, तर निळीचे कण रक्तातल्या पेशींनीच गिळून टाकलेले दिसले. त्याने ते नोंदवलं आणि पुढे गेला. मेचनिकॉफने मात्र पेशींच्या अशा गिळण्यातून शरीराच्या बचावाचा सिद्धांत उभा केला. त्यासाठी त्याला 1908 मध्ये पॉल एर्लिखसोबत नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भूकंपाने मेसिना जमीनदोस्त झालं.

झिंगा, गांडूळ, शिंपला, माशी यांच्याकडे आपल्यासारख्या प्रतिपिंडांची फौज नसते. एकदा येऊन गेलेला रोग आपल्यासारखा लक्षात ठेवण्याची सोयही नाही. त्यांचा सारा भरवसा या भटक्या पेशींवर आणि त्यांनी सोडलेल्या मारक द्रव्यांवर. शिंपल्यांत आणि किड्यांत त्यांना हिमोसाइट म्हणतात. पुढची कित्येक दशकं त्यांच्याकडे पाहिलं गेलं ते लढवय्ये म्हणूनच. 1956 मध्ये फ्रेडरिक बँगने नालखेकड्याचं निळं रक्त जिवाणूंच्या विषाने गोठतं हे दाखवलं आणि त्यातून इंजेक्शनची औषधं तपासण्याची चाचणी निघाली. तो वेगळा लेख होईल.

मला महत्त्वाचं वळण वाटतं ते 1975 चं. एडवर्ड गोल्डबर्गने सुचवलं, की किनाऱ्यावरचं प्रदूषण मोजायला शिनाण्यांच्या जातीचे शिंपले वापरा. कारण साधं आहे: हा प्राणी खडकाला चिकटून दिवसभर पाणी गाळत बसतो, त्यामुळे पाण्यातलं शिसं, तेल, कीटकनाशक त्याच्या अंगात साठत जातं. अमेरिकेत 1986 पासून अशी मोजदाद नियमित होऊ लागली. पण साठलेलं विष मोजणं वेगळं आणि त्या विषाने जनावराचं काय झालं हे कळणं वेगळं. दुसरा प्रश्न विचारायचा तर पेशीकडेच जावं लागतं.

1990 च्या दशकात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी त्यासाठी जी पद्धत बसवली ती सांगण्यासारखी आहे. शिंपल्याची कवचं जराशी फाकवायची, मागच्या स्नायूत सुई घालून पाण्यासारख्या रक्ताचा थेंब ओढायचा, काचपट्टीवर पसरायचा. वर न्यूट्रल रेड नावाचा लाल रंग. पेशी तो रंग आत घेते आणि लायसोसोम नावाच्या पचनपिशव्यांत साठवते. मग घड्याळ लावायचं आणि ठरावीक वेळाने पाहत राहायचं. धडधाकट जनावराच्या पेशी दोन-दोन तास रंग धरून ठेवतात. प्रदूषणाने किंवा उपासमारीने मेटाकुटीला आलेल्यांच्या पिशव्या पाऊण तासातच झिरपू लागतात आणि सगळी पेशी गुलाबी होते. एक सुई, एक रंग, एक घड्याळ. हेच गांडुळांवर करून तांब्याने बिघडलेली जमीनही ओळखता आली. कलकत्ता विद्यापीठातल्या संशोधकांनी गोड्या पाण्यातल्या शिंपल्यावर सोडियम आर्सेनाइटचा परिणाम पाहिला तोही या रक्तपेशींवरच, आणि बंगालच्या पाण्यातलं आर्सेनिक ठाऊक असलेल्याला त्याचं कारण सांगायला नको.

2008 मध्ये मार्क ब्राउन आणि सहकाऱ्यांनी शिंपल्यांना प्लास्टिकचे अतिसूक्ष्म गोळे खाऊ घातले. तीन दिवसांत ते आतड्यातून रक्तात उतरले, हिमोसाइटांनी गिळले आणि 48 दिवसांनंतरही तिथेच सापडले. हेकेलच्या निळीची आठवण होते. पेशी आपलं काम चोख करते: परका कण दिसला की गिळते. पण हा पचत नाही.

आता थोडं उलट बाजूचं. हिमोसाइट खरी साक्ष देते, पण आरोपीचं नाव सांगत नाही, आणि ते आपण कैकदा आपल्या मनाने भरून टाकलं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मऊ कवचाच्या तिसऱ्यांत रक्तपेशी बेसुमार वाढून जनावर मरतं, असा एक रक्ताचा कर्करोग 1970 च्या दशकापासून ठाऊक होता. न्यू बेडफर्ड बंदरात पीसीबी ही रसायनं भरपूर होती आणि हा रोगही तिथे भरपूर, म्हणून बोट प्रदूषणाकडे गेलं. मीही तेव्हा हेच मानलं असतं. 2015 मध्ये मायकेल मेट्झगर आणि स्टीफन गॉफ यांच्या चमूने न्यूयॉर्क, मेन आणि कॅनडाचं प्रिन्स एडवर्ड बेट इथल्या रोगट पेशींचा डीएनए ताडून पाहिला. तो त्या-त्या यजमान शिंपल्याशी जुळेना, एकमेकांशी मात्र जवळजवळ तंतोतंत जुळला. म्हणजे कधीतरी एका तिसरीत बिघडलेली पेशी पाण्यातून एकीकडून दुसरीकडे जात शेकडो मैल पसरली होती. कर्करोगच संसर्गजन्य! पीसीबी त्यामुळे निर्दोष ठरत नाही. त्याने दुबळ्या केलेल्या जनावरात ही पेशी सहज रुजते का, हा प्रश्न उरतोच.

तारामाशांचंही असंच झालं. 2013 पासून मेक्सिको ते अलास्का त्यांच्या वीसहून अधिक जाती गळून, अक्षरशः विरघळून मरू लागल्या. पाणी तापलं की साथ बळावे. सूर्यफूल तारामासा नव्वद टक्क्यांहून अधिक संपला. 2014 मध्ये एका विषाणूवर ठपका आला, पण पुढच्या तपासात तो टिकला नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये खरा गुन्हेगार पकडला: व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू. आधीच्या तपासण्यांत बहुतेक मांसाचे तुकडे पाहिले गेले होते. या वेळी सुई घातली ती तारामाशाच्या शरीरपोकळीतल्या द्रवात, जिथे त्याच्या भक्षक पेशी तरंगत असतात.