मुंबई हाय : नाव उंचवट्याचे, तेल खळग्यांचे

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने झालेल्या भूकंपीय सर्वेक्षणात समुद्रतळाखालचा मुंबई हायचा भला मोठा उंचवटा दिसला होता. या शोधाची गोष्ट आपण अनेकदा वाचली आहे. त्याआधी सहा कोटी वर्षे चाललेल्या तयारीबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही.

दख्खनचा लाव्हा ओतला गेला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. त्याच सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून अलग होऊ लागला. किनाऱ्यालगतचे कवच ताणले गेले, जुन्या धारवाडी खडकांतल्या कमकुवत रेषा पुन्हा सरकल्या आणि जमिनीचे काही पट्टे खचले, तर काही वरच राहिले. मुंबई हाय हा असाच वर राहिलेला पट्टा. त्याचा पाया ग्रॅनाइटचा आणि बेसॉल्टचा, म्हणजे स्वतः तेल तयार करण्याच्या दृष्टीने निरुपयोगी.

तेल शिजले ते शेजारच्या खळग्यांत. तिथल्या उथळ, दलदलीच्या पाण्यात वनस्पतींचे अवशेष आणि चिखल साचून शेल व कोळशाचे थर तयार झाले. भूवैज्ञानिक त्यांना ‘पन्ना’ या नावाने ओळखतात. वर गाळ चढत गेला तसे हे थर खोल गेले. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात त्यातल्या जैव पदार्थाचे तेल झाले. त्याहून जास्त तापल्यावर वायू.

उंचवट्यावर या काळात वेगळेच घडत होते. नर्मदा आणि तापीचा गाळ मुख्यतः सुरतेसमोरच्या खोलगट भागात उतरत होता. त्यामुळे मायोसीन काळात, दोन कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, उंचवट्यावरचे पाणी स्वच्छ आणि उथळ राहिले आणि तिथे चुनखडक साचला. ‘एल-३’ हा मुख्य तेलधारक थर त्यातलाच. जमिनीखाली तेलाचे तळे असावे अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात हा खडक हातात घेऊन भिंगातून पाहिला, तर सूक्ष्म जीवांची कवचे आणि त्यांच्यामधली बारीक छिद्रे दिसतात. समुद्र मागे सरला तेव्हा पावसाच्या पाण्याने चुना विरघळवला आणि ही छिद्रे वाढली. खळग्यांतून वर सरकत आलेले तेल राहते ते याच छिद्रांत. चुनखडकाच्या थरांमध्ये शेलचे पातळ थर आहेत, वर तर शेलचे जाड झाकणच आहे, म्हणून तेल निसटत नाही.

इथल्या प्रस्तरांची नावे वाचताना कोकणची सहल होते : वसई, अलिबाग, रत्नागिरी, वांद्रे, चिंचणी. प्रदेश एकच असला तरी नशीब वेगळे. वसईच्या क्षेत्रात मायोसीनहून जुन्या इओसीन काळातल्या चुनखडकात प्रामुख्याने वायू मिळाला. तो गंधकयुक्त, म्हणून शुद्धीकरणासाठी हजिऱ्याला न्यावा लागतो. तापी-दमण भागात नद्यांनी आणलेल्या वाळूच्या थरांत वायू आहे.

मग देशावर, एवढ्या बेसॉल्टखाली, तेल का नाही? लाव्ह्यात जैव पदार्थ नसतो, हे उत्तर अर्धेच आहे. गुजरातेत पादरा इथे भेगाळलेल्या बेसॉल्टमधूनही तेल निघते, कारण लगतच तेल तयार करणारे खंबातचे शेल आहेत. खडकाइतकाच त्याचा शेजार महत्त्वाचा.

आणि काळही. सापळा, म्हणजे छिद्रांचा खडक आणि त्यावरचे झाकण, आधी बांधला गेला आणि तेल नंतर निघाले, तरच साठा होतो. उलट घडले, तर तेल वाट काढून निघून जाते. मुंबई हायमध्ये क्रम जुळला. जगातल्या असंख्य उंचवट्यांवर तो जुळला नाही आणि तिथल्या विहिरी कोरड्या निघाल्या. म्हणून उंचवटा दिसला की लगेच विहीर खोदू नये. आधी शेजारचा खळगा किती खोल, किती तापलेला आणि कधी तापला, हे विचारावे. तेलशोधातला पहिला प्रश्न हाच असायला हवा.