नदीत ठणठणीत, समुद्रात गारद!

अटलांटिक सॅमन जन्मतो नदीत आणि वाढतो समुद्रात. मधल्या टप्प्यावर पिल्लाचं अंग पार बदलतं. कुशीवरचे गडद पट्टे जाऊन चंदेरी चकाकी येते. खरी उलथापालथ होते कल्ल्यांत: गोड्या पाण्यातून क्षार ओढून घेणारे कल्ले आता जादा क्षार बाहेर टाकू लागतात. हे सगळं वसंतातल्या काही आठवड्यांत, हार्मोन्सच्या इशाऱ्यावर.

घोळ होतो तो इथेच. पूर्व कॅनडात १९७५ ते १९८५ दरम्यान स्प्रूसची जंगलं फस्त करणाऱ्या अळीवर विमानांतून ‘मॅटासिल १.८डी’ फवारलं गेलं. त्यात कीटकनाशक होतं अमिनोकार्ब, पण संशय गेला द्रावक म्हणून घातलेल्या नोनिलफिनॉलवर. ते शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनची नक्कल करतं. १९९९ साली शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा या फवारणीचा आणि घटलेल्या सॅमनचा संबंध दिसला. पुढे प्रयोगांतही अशा रसायनांमुळे पिल्लांच्या कल्ल्यांतलं क्षार उपसणारं एन्झाइम मंदावलेलं आढळलं.

अशी पिल्लं नदीत ठणठणीत दिसतात, पण समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तग धरू शकत नाहीत. म्हणून ‘नदीत मेलेले मासे दिसत नाहीत, म्हणजे पाणी चांगलं’ हा हिशेब फसवा आहे. नोनिलफिनॉल औद्योगिक डिटर्जंटमधूनही नद्यांत उतरतं. युरोपीय संघाने २००५ पासून त्याच्या वापरावर कडक निर्बंध घातले, ते उगाच नाही!