बेळगावची पेटी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गाण्याची शिकवणी सुरू होते ती पेटीपासून. तंबोरा जुळवायला आधी कान तयार असावा लागतो आणि सारंगीला तर जन्म द्यावा लागतो. पेटीवर मात्र पाचवीतल्या मुलीनं बोट ठेवून भाता हलवला की सा मिळतो, आणि तो उद्याही तिथंच असतो. म्हणून इथल्या घरांतून माणसाची गाण्यातली ओळखही पेटीवरूनच होते. ही काळी चारात गाते, तिच्या काकांचा आवाज पांढरी एकचा, असं सहज बोललं जातं. पूर्वी मुलगी बघायला आलेली मंडळीसुद्धा पोह्यांच्या बश्या खाली ठेवल्या की कोपऱ्यातल्या पेटीकडं बघायची. मग एखादं नाट्यपद व्हायचं, आणि पसंती कळवतो म्हणून मंडळी उठायची. पद कसं झालं हे त्यातल्या कुणाला कळलेलं असेच असं नाही.

हे वाद्य आपलं नाही, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँनं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. तिकडचं वाद्य टेबलाएवढं, खुर्चीवर बसून पायानं भाता मारायचं. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते आटोपशीर केलं आणि भाता मागच्या बाजूला हाताशी आणला. वाजवणारा जमिनीवर मांडी घालून बसला आणि प्रश्न मिटला. युरोपात हार्मोनियम आज जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडतो; इकडं तो देवघराशेजारी आहे.

बेळगावकडं पेटी रुजली त्यात नाटकाचा वाटा मोठा. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘शाकुंतल’ उभं राहिलं, पण त्याआधी नाटकाचा नाद त्यांनी बेळगावातच पुरेपूर करून घेतला होता. पुढं नाटकाच्या साथीला पायपेटी आणि ऑर्गन आले. शेजारच्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटी स्वतंत्रपणे वाजवून मैफल जिंकू लागले, तेव्हा हे नुसतं साथीचं खोकं नाही हे लोकांना पटलं. नाटक कंपनी गावातून मुक्काम हलवायची, पण पदं मागं राहायची. ती घरी म्हणायची तर पेटी हवीच.

पेटी नेमकी काय आहे हे बघायचं तर ती दुरुस्तीला आली असताना बघावी. वरचं झाकण आणि पट्ट्या काढल्या की खाली सूरपाट लागतो, आणि त्यावर ओळीनं बसवलेले पितळी सूर. प्रत्येक सूर म्हणजे चौकटीवर एका टोकाला पक्की केलेली पातळ जीभ. दुसरं टोक मोकळं. हवा तिथून जाताना जीभ थरथरते आणि स्वर निघतो. साध्या पेटीत तीन-साडेतीन सप्तकं असतात, आणि चांगल्या पेटीत सुरांच्या दोन किंवा तीन ओळी: खर्ज, नर, मादी. कारागीर जिभेखाली पातळ पत्रा सरकवतो आणि कानस हातात घेतो. मोकळ्या टोकाशी कणभर घासलं की स्वर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. सगळी विद्या या एका वाक्यात आली, पण घासलेलं पितळ परत येत नाही. म्हणून हात हलका लागतो. दोनदा कानस फिरवायची, फुंकर मारायची, सूर जागेवर बसवून शेजारच्या सप्तकातल्या त्याच स्वराशी ताडून बघायचं. दोन्ही स्वर एकत्र धरल्यावर जी लाट ऐकू येते ती हळूहळू मंदावते आणि थांबते; तिथं हात थांबवायचा. आता मोबाइलवर सूर मोजणारी ॲप आली आहेत. चांगला कारागीर ती बघतो आणि मग कानाचं ऐकतो.

कानाचं ऐकावं लागतं, कारण पेटीचं खरं दुखणं तिथंच आहे. पाश्चात्त्य पद्धतीनं सप्तकाचे बारा समान भाग केले की शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा लागतो. त्यात पेटीला मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, उडी मारावी लागते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची पेटी करायचा उद्योग केला. घरोघरी मात्र बारा स्वरांचीच पेटी टिकली. मग १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला दारच बंद केलं. जॉन फोल्ड्झसारख्या इंग्रज संगीतकारानं तिची टिंगल केली होती, रवींद्रनाथांनाही ती नकोशी होती, आणि स्वातंत्र्यानंतर नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर तर मराठी माणूस असून तिच्या बाजूनं नव्हते. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. रेडिओवर पेटी नाही आणि रेडिओ लावलेल्या खोलीत पेटी आहे, असा तीस वर्षांचा तमाशा या देशानं बघितला.

त्या तीस वर्षांत पेटीची बाजू वाजवून मांडणारा माणूस बेळगावात होता. पंडित रामभाऊ विजापुरे १९१७ साली कागवाडला जन्मले. वडील कल्लोपंत शिक्षक आणि नाटककार. रामभाऊ पेटी शिकलेच, पण गाणंही शिकले, रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या गवयाकडं. माझ्या मते त्यांच्या बोटांचं सगळं रहस्य इथं आहे. ज्याला बंदिश गळ्यातून माहीत आहे तो पेटीवर मींड नसल्याची तक्रार करत बसत नाही. कणस्वर कुठं द्यायचा, भात्याचा दाब कुठं सोडायचा हे त्याला ठाऊक असतं, आणि ऐकणाऱ्याला घसरण ऐकल्याचा भास होतो. साथीला बसल्यावर गवयाच्या मागं अर्धं पाऊल राहायचं आणि जागा मिळाली तरच ती भरायची. ही शिस्त तर शिकवून येणंही कठीण. गवयांच्या दोन-तीन पिढ्यांना साथ करून त्यांनी बेळगावात श्रीराम संगीत विद्यालय चालवलं. १९ नोव्हेंबर २०१० ला ते गेले. बेळगावचे सुधांशु कुलकर्णी आणि बंगळूरचे रवींद्र काटोटी हे त्यांचे शिष्य.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवायला होते. पेटी तेही मनापासून वाजवायचे. त्यांच्या ‘गणगोत’ या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकातले रावसाहेब याच गावचे; मराठीत कानडी हेल काढत शिवी आणि दाद एकाच दमात देणारी ती जात बेळगावच्या बैठकीत अजून भेटते. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावीही इथून जवळच. एका घरात अभंग आणि शेजारी कानडी दासरपदं, आणि एकादशीला दोघांनी मिळून एकच पेटी ओढायची, यात इथं कुणाला नवल वाटत नाही. निपाणीकडच्या भजनी मंडळांत तर पेटीचा मान टाळ-मृदंगाच्या बरोबरीचा. तिथली पेटी सुरात थोडी मागंपुढं असते. पहाटेपर्यंत चाललेल्या भजनात ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हातात मावणारं तंबोऱ्याचं यंत्र आहे, कीबोर्ड आहे, मोबाइलवर पेटीसुद्धा आहे. क्लासला जाणाऱ्या मुलांना ते सोयीचं पडतं आणि त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते माळ्यावर. बेळगावचा पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सुरांवर हिरवा गंज चढतो, भात्याचं कातडं कसर खाते आणि उरलेलं उंदीर नेतात. बंद ठेवलेली पेटी वाजवल्या जाणाऱ्या पेटीपेक्षा लवकर मरते, कारण आत हवा फिरत नाही.

तेव्हा आजीची पेटी घरात असेल तर ती खाली काढा. भाता पूर्ण भरा आणि एकही पट्टी न दाबता हात सोडा. भाता हळूहळू मिटला तर पेटी धडधाकट आहे. झटकन मिटला तर कुठंतरी हवा गळते आहे. सूर स्वतः कानसू नका आणि आत तेल तर थेंबभरही घालू नका. पाऊस सुरू व्हायच्या आत ती जाणत्या कारागिराकडं न्या, आणि परत आणल्यावर रोज दहा मिनिटं वाजवा.